चमचा न वाजू देण्याबद्दल

ब्रेडा कोगेय अजून पेन्सिलीनं लिहिते
आणि दर मंगळवारी, मुलांचा स्वरांचा तास संपला की,
पावाच्या कागदी पिशवीत घालून
चार-पाच पानं माझ्याकडे देते.
मी ती संगणकावर उतरवतो.
पानाला सहा युरो. कधी सहा युरोंऐवजी अंडी.

पारा चढतो, असं म्हणतात.
आमच्या इद्रिया गावात पाऱ्यासाठी माणसंच उतरायची,
पिढ्यान् पिढ्या, पहाटेच्या अंधारातून आणखी अंधारात,
आणि वर यायची तेव्हा
हात पूर्वीसारखे ऐकायचे नाहीत.

तिचे वडील शेवटच्या तुकड्यांपैकी एका तुकडीत.
साडेपाचला स्वयंपाकघरात कप, बशी,
आणि चमच्याची किणकिण.
ढवळताना नव्हे, साखर ते घेतच नसत.
कप नुसता उचलताना.
खिडकीशी आई लेस विणत बसलेली,
तेवढ्या वेळापुरत्या तिच्या लाकडी काड्या
जरा जोरात वाजायच्या.
कुणी कुणाला काही म्हणायचं नाही.
मुलगी जिन्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधायची
आणि दोन्ही आवाज मोजायची.

बावन्न वर्षांनी तिनं ते लिहायला घेतलं.
ग्राझच्या महोत्सवानं पैसे दिले,
त्यातून आधी बॉयलर दुरुस्त झाला,
मग दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो.

दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळीवर तिचं बारीक अक्षर:
थरथर. पण हौसेची नाही. लपवायची असते ती.
माझ्या संगणकात थरथरीची तीन चिन्हं आहेत,
तिन्ही हौसेची.
फोन करून विचारलं, यातलं कुठलं टाकू?
म्हणाली, सरळ रेघ टाक.
हात सरळ ठेवायचाच तर प्रयत्न आहे तो.

तालमीला संगीतशाळेचा हॉल, हीटर अर्धाच चालू.
याका रूपनिक, सव्वीस वर्षांचा,
त्याचा गज म्हणजे थंडीतलं तळं.
त्यानं थरथर अशी काढली
की खुर्च्यासुद्धा चमकल्या असतील.
ब्रेडा म्हणाली, छान.
(तिच्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे
या 'छान'ला किती गुण मिळतात.)
मग तिनं मशीनमधून कॉफी आणली, काठोकाठ,
बशी, बशीवर कप, कपात चमचा.
जा त्या दारापर्यंत. वाजता कामा नये.

चौथ्या पावलाला वाजला.
याकाचे कान लाल.
आम्ही सगळे कुठेतरी दुसरीकडे बघू लागलो,
न सांगता, एकदम.
चेलोवाली उगाच खोकली
आणि व्हिओलावर बसलेली आयदा, खिडकीबाहेर बघत,
गजाची काडी स्टँडवर आपटू लागली, टक टक, टक.

हेच, ब्रेडा म्हणाली.
खोकला नको. बाकी हेच.

शेवटच्या आठवड्यात तिनं अकरा बार खोडले.
तिथे चारही वाद्यं हळूहळू वर सरकत
एकाच स्वरावर येऊन टेकायची, स्थिर,
ते टाइप करताना मी दोनदा उठून घरात फिरलो होतो.
ते का काढलं?
पिशवीची घडी घालत म्हणाली,
तिथे ते बरे होतात.
ते बरे झाले नाहीत.

आता शेवटचं पान अर्धं कोरं आहे.
ग्राझला लोकांना कळेना टाळी कधी वाजवायची,
कुणीतरी पडशाचा रुमाल काढला, परत ठेवला.
त्या पानाचे पैसे मी घेतले नाहीत.
मंगळवारी पिशवीत अंडी आली,
सहा, वर्तमानपत्रात एकेक वेगळं गुंडाळलेलं,
म्हणजे येताना
एकमेकांवर वाजू नयेत.